अर्ध्या चंद्रावरची सावली

सोमवार, ३ एप्रिल २००६

वसंताची सुट्टी संपली. लैलाबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी बदली शिक्षिका आली आहे. नाव रौदा, गाव गाफ्सा. सत्तावीस वर्षांची असेल. म्हणजे मी तोझरच्या या शाळेत लागलो तेव्हा ही पाळण्यात होती. पाचवी 'अ' तिच्याकडे, पाचवी 'ब' माझ्याकडे. माझी नात दलेंदा 'अ'मध्ये आहे. नात्यातलं मूल आपल्या वर्गात घ्यायचं नाही हा नियम मीच केलेला, त्यामुळे बोलायची सोय नाही.

मुलांच्या तोंडी एकच विषय, गेल्या बुधवारचं सूर्यग्रहण. मी त्या दिवशी खिडक्या लावून घरात बसलो होतो. डोळ्यांना अपाय होतो. ही बाई मात्र सुट्टीतच गावात राहायला आली होती, आणि तिनं गल्लीतल्या मुलांना गोळा करून पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर ग्रहण दाखवलं म्हणे. त्यामुळे आज पहिल्याच दिवशी निम्मी शाळा तिला ओळखत होती. "आनिसा, आनिसा", म्हणजे बाई, बाई, करत पदराला धरल्यासारखी मागे फिरत होती.

मुख्याध्यापक सी लझर यांनी ओळख करून दिली, "आणि हे आमचे सी शेदली. आकाशाचं खातं यांच्याकडे. पटांगणातलं चित्र यांनीच काढलंय."

ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. १९८७ साली सगळी सुट्टी खर्चून मी ते भिंतीवर काढलं. एका टोकाला सूर्य, मधे पृथ्वी, भोवती आठ चंद्र, प्रत्येकावर कमीजास्त काळोख. खाली ठळक अक्षरांत: 'पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्राच्या कला दिसतात.' इन्स्पेक्टरांनी शेरेबुकात कौतुक लिहून ठेवलं आहे.

"किती मोठं आहे!" ती म्हणाली.

मोठं म्हणाली. चांगलं म्हणाली नाही.

मंगळवार, ४ एप्रिल

तिनं पटांगणात एक काठी रोवली आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करायला लावली. मुलं मधल्या सुट्टीत खेळायची सोडून सावलीभोवती उकिडवी बसली होती. एक मुलगा ओरडला, "सरकली! आत्ता माझ्यादेखत सरकली!" ती म्हणाली, "सावली कशाला सरकेल? सरकतोयस तू. आपण सगळे, शाळेसकट."

यात नवीन काय आहे? पृथ्वी फिरते हे मी सत्तावीस वर्षं सांगतोय. कुणी ओरडलं नव्हतं.

बुधवार, ५ एप्रिल

दुपारी शेवटच्या तासाला बाहेर गलका झाला. खिडकीतून पाहिलं, तर 'अ'ची सगळी मुलं पटांगणात, प्रत्येकाच्या हातात काडीला टोचलेलं संत्रं. सूर्य उजव्या हाताला, आणि खजुराच्या झाडांच्या वर भर दुपारी अर्धा चंद्र. मुलं संत्रं चंद्राच्या शेजारी धरून एक डोळा मिटून बघत होती. "जुळलं! आनिसा, माझं जुळलं! संत्रं पण अर्धंच उजळलंय!"

माझा अख्खा वर्ग बाकांवरून उठून खिडकीला चिकटला. मी पडदा ओढला.

"सीदी, दिवसा चंद्र कसा काय?" सुरूरनं विचारलं. माझी सगळ्यांत हुशार मुलगी.

"असतो कधीकधी. वह्या काढा."

रात्री कुसकुस खाताना दलेंदा म्हणाली, "बाबा अझीझी, एक विचारू?"

"विचार."

"सूर्य इकडे होता आणि चंद्र तिकडे. पृथ्वी तर आपल्या पायाखाली. आपली सावली चंद्रावर पडायची तर आपण दोघांच्या मधे यायला हवं ना? आपण मधे नव्हतोच."

"हे तुझ्या आनिसानं शिकवलं?"

"नाही. ती फक्त 'बघा' म्हणाली."

"मग जेव गुपचूप."

बायको मब्रूका ताटात बघून हसत होती. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "काही नाही, मीठ बरोबर पडलंय आज."

गुरुवार, ६ एप्रिल

आज ती शिक्षकांच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसली. आवाज बारीक करून म्हणाली, "सी शेदली, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं द्याल? ते भिंतीवरचं चित्र आपण दोघांनी मिळून एकदा बघावं असं वाटतं. तिथे दुसरं कुणी नसताना."

"का? रंग उडालाय का?"

"रंग नाही. तुम्ही दुपारचा चंद्र कधी निरखून पाहिलाय?"

"बाई, मला आकाशाकडे तोंड वासून बसायला सवड नसते. मला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो."

ती लाल झाली. "बरं," म्हणाली. मग पृथ्वीगोल मागितला. तो कपाटात कुलपात असतो, किल्ली माझ्याकडे. मी म्हटलं, मुलांचे हात लागले की देश पुसले जातात.

दुसरं कुणी नसताना म्हणे! चित्रावर आपलं काहीतरी चढवायचं असेल, तेही माझ्या संमतीनं. इतका भोळा नाही मी.

शुक्रवार, ७ एप्रिल

सुरूरनं बातमी आणली. 'अ'मधल्या कुणीतरी चित्राबद्दल विचारलं, तर रौदा म्हणाली, "ते चंद्रग्रहणाचं चित्र आहे. सी शेदलींनी फार मेहनतीनं काढलंय. खालची ओळ तेवढी दुसऱ्या धड्याची आहे."

माझ्या चित्राचं बारसं ही करणार! आणि वर 'मेहनतीनं'. मेहनती कुणाला म्हणतात ते मला कळतं. ज्याला अक्कल कमी असते त्याला.

शनिवार, ८ एप्रिल

लिहून टाकतो, ही वही दुसरं कुणी वाचत नाही.

आज मी शिक्षण कचेरीला पत्र टाकलं. खाली सही केली नाही. 'पाचवी अ-ची बदली शिक्षिका मुलांना उन्हात उभं करून आकाशाकडे टक लावून बघायला लावते, मुलांच्या डोळ्यांना धोका आहे, अभ्यासक्रम मागे पडला आहे. — एक काळजीत असलेला पालक.' दलेंदाचं सगळं मीच बघतो, म्हणजे पालक हे काही खोटं नाही.

तिची नेमणूक महिन्या-महिन्यानं वाढते. एक महिना वाढली नाही तर आभाळ कोसळत नाही. गाफ्सा काही लांब नाही.

पेटीत पत्र टाकल्यावर फार हलकं वाटलं. येताना लागमी प्यायलो, या मोसमातली पहिली. खजुराचा रस ताजा होता, पण तोंडाला चव नव्हती.

बुधवार, १२ एप्रिल

आज तिनं पृथ्वी फिरवली. दलेंदाला मधे उभी केली, नाक म्हणजे तोझर. दाराशी एक मुलगा, तो सूर्य. दलेंदा डावीकडे वळत वळत गेली आणि सगळे ओरडत होते, "तोझरला सकाळ! तोझरला दुपार! आता झोपा!" मग तिला तशीच गोल फिरत सूर्याला प्रदक्षिणा घालायला लावली. ती चक्कर येऊन पडली, सगळी हसून गडबडली. वर्ष पुरं व्हायच्या आत पृथ्वी पडली म्हणाले.

मीही आज कपाट उघडून पृथ्वीगोल टेबलावर ठेवला. बोटानं फिरवला. अक्ष, विषुववृत्त, सगळं सांगितलं. तीन मुलांनी जांभया दिल्या. सुरूर म्हणाली, "सीदी, आम्हीपण फिरू?"

"तुम्ही बसा."

ती बसली. इतक्या शहाण्यासारखी बसली की मला तिचा रागच आला.

बुधवार, १९ एप्रिल

सी लझर यांनी आम्हा दोघांना बोलावलं. कचेरीत निनावी तक्रार गेली आहे. येत्या मंगळवारी इन्स्पेक्टर येऊन रौदाचा पाठ बघणार. शेरा वाईट आला तर नेमणूक रद्द.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी एकदाही सूर्याकडे बघू दिलेलं नाही, सर. एकदाही नाही."

सी लझर यांनी तिला जरा मागे थांबवून घेतलं. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "सी शेदली, त्या दिवशी तुम्ही वर्गात बसाल? तुमच्यासारखं जुनं माणूस मागे बसलेलं असलं की मला धीर येईल."

बघू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गुरुवार, २० एप्रिल

जेवण गेलं नाही. मब्रूका म्हणाली, "ती पोरगी आल्यापासून तू धड जेवत नाहीस. एवढी सलते का?" मी म्हटलं पोट बिघडलंय. ती म्हणाली, "ते दिसतंय मला. कशानं बिघडलंय तेही दिसतंय."

शुक्रवार, २१ एप्रिल

सूर्य उगवून थोडाच वेळ झाला होता. कबुतरांना दाणे टाकायला गच्चीवर गेलो. दक्षिणेला, विटांच्या मनोऱ्याच्या जरासा वर, अर्धा चंद्र होता. मी सहज पाहिलं. मग माझी सावली पाहिली. लांबलचक, गच्ची ओलांडून पश्चिमेकडच्या कठड्यावर गेलेली.

दाण्याचं भांडं हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

माझी सावली पश्चिमेला. कठड्याची सावली पश्चिमेला. कबुतरांच्यासुद्धा पश्चिमेला. म्हणजे सगळ्या पृथ्वीची सावलीही सूर्याच्या उलट, त्याच बाजूला गेली असणार. आणि चंद्र दक्षिणेला. त्याच्या वाटेला कुणाचीही सावली जात नव्हती. तरी तो अर्धाच होता. सूर्याकडची बाजू तेवढी उजळ.

दलेंदानं नेमकं हेच विचारलं होतं आणि मी तिला जेव म्हटलं होतं.

शनिवार, २२ एप्रिल

पाठ्यपुस्तक काढलं. एकाहत्तर नंबरच्या पानावर स्पष्ट लिहिलंय. चंद्राचा अर्धा भाग नेहमी सूर्यप्रकाशात असतो, त्यातला किती आपल्याकडे वळलेला दिसतो त्याप्रमाणे कला दिसतात. पृथ्वीची सावली पडते ती फक्त ग्रहणात. चार ओळी. मी हे पान कधी वाचलंच नाही. चंद्राचा धडा आला की पुस्तकं मिटायला लावायचो आणि वर्गाला भिंतीपाशी न्यायचो.

चित्र काढल्याला एकोणीस वर्षं. वर्षाला पस्तीस-चाळीस मुलं. त्याआधी फळ्यावर काढायचो ती आठ वर्षं वेगळी.

आणि ती दहा मिनिटं मागत होती. दुसरं कुणी नसताना.

मला तिचा राग आलाच. तिनं सरळ तोंडावर का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, म्हणून जास्त राग आला.

मंगळवार, २५ एप्रिल

मी मागच्या बाकावर बसलो.

पाठ चांगला झाला. उगाच कशाला खोटं लिहू, फार चांगला झाला. इन्स्पेक्टरांनी विचारलं, "डोळ्यांचं काय? तक्रार आहे." तिनं मुलांना बाहेर नेलं आणि उभं करून दाखवलं: तोंड चंद्र असेल तिकडे, सूर्य बाजूला. आज चंद्र दिसत नव्हता, अमावास्या दोन दिवसांवर आली होती. इन्स्पेक्टरांनी दलेंदाला विचारलं, "सूर्याकडे बघितलं तर?" दलेंदा म्हणाली, "आनिसा घरी पाठवते. एकाला पाठवलंय."

सगळे हसले. तेवढ्यात इन्स्पेक्टर चित्रासमोर थांबले. चष्मा सारखा केला. खालची ओळ वाचली.

"हे काय आहे, बाई?"

"ग्रहणाचं चित्र आहे साहेब," रौदा पटकन म्हणाली. "ओळ चुकून—"

"आठ ग्रहणं? आणि ओळीत कला म्हटलंय."

साठसत्तर मुलं, माझी 'ब'सुद्धा दारात येऊन उभी. तिचा पाठ इतका छान झाला होता, आणि ती माझ्यासाठी मुलांदेखत खोटं बोलून तो घालवायला निघाली होती. निदान यात तरी मला तिच्या मागे पडायचं नव्हतं. खरं सांगायचं तर आधी हीच गोष्ट मनात आली, की हिनं माझ्यावर उपकार करू नयेत.

"मी काढलंय," मी म्हटलं. "चूक आहे. पृथ्वीच्या सावलीचा कलांशी संबंध नाही. मी इतकी वर्षं चुकीचं शिकवलं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सुरूर माझ्याकडे बघत होती.

इन्स्पेक्टर म्हणाले, "शेरेबुकात याचं कौतुक कुणी लिहिलंय?"

"तुम्हीच, साहेब. ब्याण्णव साली."

ते चष्मा पुसत म्हणाले, "मग आधी मी शेरा खोडतो. तुम्ही भिंत बघा."

रौदाला 'उत्तम' शेरा मिळाला. वर्ष संपेपर्यंत नेमणूक.

बुधवार, २६ एप्रिल

काल निम्मंच सांगून सुटलो होतो. आज शाळा सुटल्यावर तिच्या वर्गात गेलो. ती फळा पुसत होती.

"ते पत्र मी लिहिलं होतं," मी म्हटलं.

फडकं तसंच फळ्यावर राहिलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्या दिवशी सी लझर यांनी मला मागे थांबवून ते दाखवलं तेव्हापासून. हजेरीच्या वहीत तुमचं अक्षर रोज बघते मी. मी त्यांना म्हटलं, ओळखीचं वाटत नाही."

"आणि तरी मला मागे बसायला बोलावलंत?"

"समोर असलात की निदान दुसरं पत्र तरी लिहिणार नाही असं वाटलं." आता ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "घरी आई आणि दोन धाकटे भाऊ आहेत माझे. मी चार दिवस झोपले नाही, सी शेदली. चित्राचं मला काही वाटलं नाही. चित्र कुणाचंही चुकतं. पत्राचा राग आहे. तो इतक्यात जायचा नाही. माफी मागू नका, मला आज देता येणार नाही."

मी पृथ्वीगोलाच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. तिनं किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा फळा पुसू लागली.

शनिवार, २९ एप्रिल

भिंतीला चुना मारला. दोन हात द्यावे लागले, तरी तिसरा चंद्र खालून दिसतोच आहे. दोन्ही वर्गांना एकत्र बसवून पान एकाहत्तर वाचून दाखवलं. मग 'ब'ला गोल फिरू दिलं. सुरूर पाच फेऱ्या मारून माझ्या टेबलावर आदळली.

नंतर तिनं विचारलं, "सीदी, आम्हाला कळलं. पण आमच्या आधीच्यांना कोण सांगणार?"

शुक्रवार, ५ मे

दुपारची नमाज आटोपून हमादीच्या भट्टीवर पावासाठी रांगेत उभा होतो. हमादी माझा अठ्ठ्याऐंशी सालचा विद्यार्थी. आता त्याचं पोट दाराबाहेर येतं. मला बघितल्यावर म्हणाला, "सीदी, कालच तुमची आठवण काढली. पोरीनं विचारलं चंद्र अर्धा का, मी फाडकन सांगितलं, पृथ्वीची सावली! अजून पाठ आहे बघा!"

केवढ्या अभिमानानं बोलला. रांगेतले दोघे मान डोलावत होते. तेही माझेच.

"हमादी," मी म्हटलं, "कणकेचा एक गोळा दे. आणि बाहेर ये."

"पाव जळेल सीदी."

"जळू दे. मी तुला चुकीचं शिकवलंय."

रस्त्यावर ऊन होतं. अर्धा चंद्र पोस्टाच्या छपराच्या वर, बरोबर महिन्यापूर्वी होता तसा. मी गोळा हाताच्या लांबीवर चंद्राशेजारी धरला आणि हमादीला माझ्या खांद्यामागून बघायला लावलं. तो वाकला. एक डोळा मिटला.

"अरे!" हमादी म्हणाला. "गोळा पण अर्धाच!"

"यावर कुणाची सावली आहे?"

"कुणाचीच नाही. ऊन एकाच बाजूनं लागतंय."

मग रांग मोडली. एकेक जण खांद्यामागे येऊन बघायला लागला. टॅक्सीवाला, न्हावी, दोन बायका पिशव्या घेऊन. "मला बघू द्या", "हात हलवू नका सीदी". सत्तावीस वर्षांत माझ्या वर्गात असं कधी झालं नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि पौर्णिमेला?"

रौदा. पावाची पिशवी हातात. चेहऱ्यावर हसू नाही. "पौर्णिमेला सूर्य एका बाजूला, चंद्र अगदी दुसऱ्या बाजूला, आपण मधे. मग दर पौर्णिमेला आपली सावली चंद्रावर का पडत नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पान एकाहत्तरवर हे नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ती पुढे आली. माझ्या कोपराला धरून हात वीतभर वर उचलला. "चंद्राची वाट जराशी तिरपी आहे. बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या असा वरून जातो." मग हात खाली दाबला. "नाहीतर असा खालून. अगदी नेमका मधे सापडला तरच ग्रहण."

"वा!" हमादी म्हणाला. सगळे तिच्याकडे बघत होते. टॅक्सीवाल्यानं तिला दुसरा प्रश्न विचारला, मग न्हाव्यानं. माझ्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. पोटात दुखलंच. ते गेलं असं लिहिलं तर खोटं होईल.

ती समजावत होती आणि मधून मधून न बघताच माझं कोपर वर-खाली करत होती. कणीक उन्हानं ढिली पडून बोटांतून ओघळायला लागली होती, खांदा भरून आला होता. हात खाली घ्यावा असं दोनदा वाटलं. घेतला नाही. तिचं सांगून व्हायचं होतं.